कवचातलं चॉकलेट

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. दूधवाल्यानं पाणी जास्त घातलं तर मी दारात उभी राहून त्याची अशी हजेरी घेते की चार घरांच्या खिडक्या उघडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच बोलावून चहा पाजते. चेष्टा करायची तर मला खोडच. नणंदेच्या नवऱ्याला, मुरगूडच्या पावण्यांना, त्यांच्या पहिल्या दिवाळसणाला मी मीठ भरलेली करंजी वाढली होती. बिचाऱ्यांनी सगळ्यांसमोर ती निमूट गिळली आणि मी दाराआड पोट धरून हसत होते. कुणी चिडलं की माझं ठरलेलं वाक्य होतं, "चेष्टा बी कळत न्हाय व्हय?" हे वाक्य मी आता बोलत नाही. का बोलत नाही ते सांगते, आणि सांगताना माझी बाजू घेणार नाही. घ्यायला बाजूच नाही.

आमच्या शेजारी अक्का राहतात. त्यांच्यात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून सगळी गल्लीच त्यांना अक्का म्हणते. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठ्या. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, त्यामुळं मराठी बोलता बोलता कधी कानडीत शिरतात ते त्यांचं त्यांना कळत नाही. घरात मुलगा, सून, दोन नातवंडं. अक्का लिंगायत, गळ्यात लिंग, आणि सकाळी त्याची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. मांस, मच्छी, अंडं हे तर लांबच. आमच्याकडं रविवारी रस्सा उकळायला लागला की अक्का त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी ओढून घेतात, पण आवाज न करता. इतक्या वर्षांत ती खिडकी एकदाही धाडकन आपटली नाही, आणि सोमवारी सकाळी त्याच खिडकीतून "आमटी केलीया, वाटी आण गं" अशी हाक यायचीच.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी धड थापता येत नव्हती. सासू तिरसट, शिकवायच्या आधी हसायची. अक्कांनी मला त्यांच्या चुलीपुढं बसवून आठ दिवसांत भाकरी शिकवली आणि सासूला पत्ता लागू दिला नाही. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच वळले. मग मीही त्यांच्यासाठी एक केलं. आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक पातेलं, एक तवा, एक झारा आणि चार ताटल्या वेगळ्या काढून ठेवल्या. त्याला कधी मटणाचा हात लागला नाही की अंड्याचा थेंब. अक्कांच्या नात्यातली माणसं मांस शिजतं त्या घरात पाणीसुद्धा पीत नाहीत, पण अक्का आमच्याकडं बसून जेवायच्या.

त्यांच्या सुनेला ते पटायचं नाही. सून वाईट नाही हं. सरळ आहे, पण काटेकोर. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "अत्ती, तुमी त्या घरात काय बघून खात न्हाईसा." अत्ती म्हणजे सासू. त्यावर अक्का म्हणाल्या, "बघायला कशाला पायजे? ती वाढतीया न्हवं?" हे ऐकून मी मनातून अशी फुगले होते की काय सांगू. सुनेकडं बघून जरा जास्तच हसले होते.

आता अंड्यांकडं येते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या पोरीनं मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि माझ्यामागं लागली, "आई, पप्पांना गंडवूया." आमचे हे रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारून आले की दोन उकडलेली अंडी खातात. खातात म्हणजे समारंभच असतो. खुर्चीत बसायचं, अंडं टेबलावर टकटक आपटायचं, गोल गोल फिरवत सोलायचं, मीठ-मिरपूड भुरभुरायची आणि मगच आम्हाला चहा विचारायचा. तर पोरीची युक्ती अशी की खऱ्या अंड्याचं कवच रिकामं करायचं, त्यात चॉकलेट ओतायचं आणि ते उकडलेलं अंडं म्हणून पुढं ठेवायचं. मला काय, आंधळा मागतो एक डोळा. मी लगेच कंबर कसली.

सहा अंडी घेतली. बोथट टोकाला पिनेनं भोक पाडलं, नखानं ते रुपयाएवढं केलं, आतला बलक वाटीत काढला. त्याची संध्याकाळी पोळी झाली. कवचं मिठाच्या पाण्यात उकळली आणि आतला पातळ पापुद्रा बोट घालून जमेल तेवढा ओढून काढला. सगळा काही निघाला नाही. ओल्या कवचाला तो चिकटून बसतो आणि जास्त ओढायला गेलं तर कवचच फुटतं. मी म्हटलं, राहू दे, कोण बघतंय.

लक्ष्मीपुरीत केकचं सामान मिळतं तिथनं चॉकलेटच्या वड्या आणल्या. उकळत्या पाण्यावर पातेलं ठेवून त्यात त्या वितळवायच्या असतात. पातेलं मी वरच्या फळीवरचं घेतलं, अक्कांचं. का, तर आमच्या बाकीच्या पातेल्यांना कांदा-लसूण मसाल्याचा वास असतो आणि तो चॉकलेटला लागला असता. अक्कांचा विचार त्यात नव्हता. नंतर मात्र मी स्वतःला सांगितलं की होता. पहिल्या खेपेला वाफेचं पाणी आत ठिबकलं आणि चॉकलेटची पेंड झाली, त्यावरून मी पोरीच्या अंगावर खेकसले. दुसऱ्या खेपेला जमलं. कवचात चॉकलेट ओतून फिरवलं, उपडं करून जास्तीचं काढून टाकलं, की आतून तपकिरी थर बसतो. तो फ्रीजमध्ये गार झाला की आत सारण. पिठीसाखर, लोणी आणि दुधाची पावडर मळून पांढरा गोळा, त्याच्या पोटात पिवळा रंग घातलेली गोळी, आणि भोकावर परत चॉकलेटचा डाग देऊन बंद. भोकाची बाजू खाली करून ठेवली की असं बेमालूम दिसायचं की मीच फसले असते.

सकाळी ह्यांनी अंडं आपटलं, सोलायला लागले आणि आत तपकिरी बघून ताडकन उठले. "नासकी अंडी दिली भडव्यानं!" म्हणून दुकानदाराला फोन लावायला निघाले. पोरगी हसून हसून खाली बसली. मग चाखून बघितलं, आणि दोन्ही अंडी खाऊन वर म्हणाले, "अजून हाईत का?" झालं, चेष्टा इथंच संपायला पाहिजे होती. उरलेली चार पोरीनं सोलून ताटलीत ठेवली. कवचं कचऱ्याच्या डब्यात गेली. ताटलीत दिसत होती ती नुसती तुळतुळीत तपकिरी, लांबट गोळ्यांसारखी.

अकराच्या सुमाराला अक्का कैरीचा तक्कू घेऊन आल्या. ताटलीकडं त्यांचं लक्ष गेलं. गोड म्हटलं की अक्का लहान मूल होतात.

"हे काय गं लांबुडकं?"

"चॉकलेटचा लाडू म्हणा की. घरात केलाय. खावा."

"अंडं-बिंडं न्हाय न्हवं ह्यात? केकात घालत्यात म्हणं."

"छ्या ओ अक्का! दूध, साखर, लोणी. तुमच्याच पातेल्यात केलंय, बघा."

ह्यातला शब्द न् शब्द खरा होता. माझं डोकं असल्या खऱ्यात फार चालतं.

अक्कांनी एक उचललं आणि अर्धं तोडलं. डोळे मिटून चावत म्हणाल्या, "लई झ्याक झालंय की." हातातल्या अर्ध्यात आतलं पांढरं दिसत होतं आणि मधोमध पिवळं. त्यांनी अजून बघितलं नव्हतं. मी पोरीकडं बघितलं, तिनं मोबाईल वर धरलेलाच होता. आणि माझी जीभ सुटली.

"अक्का! आत बघा की. पांढरं, पिवळं. अंडं खाल्लासा!" असं म्हणून मी टाळी वाजवली.

मला वाटलं होतं, अक्का शिव्या घालतील, मग मी खरं सांगेन, मग दोघी हसू. शिव्या आल्या नाहीत. त्यांनी हातातल्याकडं बघितलं. दुसरा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला आणि मध्येच थांबला, विटाळलेल्या हातानं शिवू नये तसा. "अय्य शिवने," एवढंच तोंडातून निघालं आणि त्या बेसिनकडं धावल्या. थुंकल्या, चुळा भरल्या, घशात बोटं घातली. त्यांची पाठ हिसके खात होती. आणि मी हसत होते. मला वाटतं लगेच थांबले, पण व्हिडिओत ते खरं नाही. व्हिडिओत अक्का दुसऱ्यांदा ओकारी काढतात तेव्हाही मागं माझं हसू ऐकू येतं. तो आवाज माझा आहे हे मला मान्य करायला जड जातं, पण माझाच आहे.

मग मी धावले. पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "न्हाय ओ अक्का, चेष्टा केली! साखर हाय ती, लोणी हाय. हे बघा मी खातो." ताटलीतलं एक फोडून त्यांना आतलं दाखवलं, वास दिला, खाल्लं. अक्कांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

"शप्पथ?"

"शप्पथ."

"मग हुबेहूब असा आकार कशानं आला?"

इथं मला सांगता आलं असतं. आत अंडं नव्हतं, पण कवच खरं होतं, अक्का, चुकलं माझं. एवढंच वाक्य. माझ्या पायाशी कचऱ्याचा उघडा डबा होता आणि त्यात चॉकलेटचे डाग पडलेली कवचं वरच पडली होती. मी एक पाऊल सरकून डब्याच्या पुढं उभी राहिले आणि म्हणाले, "साचा मिळतोय की अक्का. प्लास्टिकचा."

पोरीनं मोबाईल खाली घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी तिच्यावर डोळे वटारले.

अक्का खुर्चीत टेकल्या. पाणी प्यायल्या. हळूहळू तोंडावर रंग आला आणि त्यांनी माझ्या पाठीत असा धपका घातला की मी पुढं झुकले. "मेले, जीव घेशील एक दिवस माझा!" आणि हसल्या. मनापासून हसल्या. मला सुटल्यासारखं झालं. तेवढ्यात त्यांनी ओट्यावर टाकलेला तो अर्धा तुकडा परत उचलला. मी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या अक्का, आता कशाला." तर म्हणाल्या, "का ऱ्हाऊ दे? तू सांगितलंस न्हवं, अंडं न्हाय म्हणून." आणि खायला लागल्या. त्या तुकड्याच्या कडेला नखाएवढा पांढरट पापुद्रा चिकटलेला होता. मला दिसला. मी हात लांब केला असता तर तो तुकडा माझ्या हातात आला असता. मी हात लांब केला नाही. अक्कांनी तो खाल्ला, बोटं चाटली आणि तक्कूची वाटी रिकामी करून दे म्हणाल्या.

आधीचं सगळं चेष्टेत गेलं असतं. हे नाही जात.

आता माणसानं ह्यावर गप्प बसावं की नाही? पण मी दोन दिवसांत स्वतःची समजूत घातली. एवढासा पापुद्रा, उकळलेला, त्यात काय. अक्का तर हसल्या. आणि तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ मीच टाकला. पोरगी नको म्हणत होती. "आई, अक्कांचं तोंड बघ की त्यात." मी म्हटलं, तुला काय कळतंय, गंमत हाय. मी 'अंडं खाल्लासा' म्हणते तिथपासून अक्का बेसिनवर वाकतात तिथपर्यंतचा. खुलाशाचा भाग मोठा होत होता म्हणून कापला. हसरे चेहरे धडाधड पडले आणि मी ते दुपारभर मोजत बसले.

त्या ग्रुपवर अक्कांची सूनही होती. संध्याकाळी ती माझ्या दारात आली. आवाज चढवला नाही, पण ओठ पांढरे झाले होते.

"काकू, अत्तींना काय चारलं तुम्ही?"

मी "चेष्टा बी" एवढं म्हटलं आणि मागनं अक्का आल्या. सुनेच्या खांद्यावरनंच बोलल्या, "मी इचारलंय तिला. साच्यात केलंय ते. तिनं शप्पथ घेतलीया. ती माझ्यासंगं खोटं बोलायची न्हाय."

सुनेनं वळून सासूकडं बघितलं. मग म्हणाली, "मग दावा की साचा. मला बी पोरांसाठी करायचाय."

"नणंद घेऊन गेलीया मुरगूडला," मी म्हणाले. लोण्यातनं केस निघावा तसं तोंडातनं खोटं निघालं. "चार दिवसांत येईल."

ती गेल्यावर मी मोबाईल घेतला आणि अंड्याच्या आकाराचा प्लास्टिकचा साचा मागवला. पाचव्या दिवशी आला. नवा करकरीत. कुणीही बघितला असता तर म्हणाला असता, आत्ता पाकिटातनं काढलाय. मग मी काय केलं, तर दोनदा त्यात चॉकलेट ओतून काढलं, तारेच्या घासणीनं घासून त्यावर ओरखडे पाडले, कडेला थोडं चॉकलेट वाळू दिलं. अर्धा दिवस मी ह्या कामात घालवला. पोरगी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आई, खरं सांगून टाक की गं." मी तिच्यावर अशी ओरडले की शेजारी ऐकू गेलं असेल. "तुझ्यामुळंच झालंय सगळं! तूच आणलंस हे खूळ!" तिनं उलट उत्तर दिलं नाही. एरवी माझीच पोरगी आहे, एकाला दोन ऐकवते. त्या दिवशी ती नुसती आत निघून गेली.

साचा सुनेला दिला. तिनं पोरांसाठी चॉकलेटची अंडी केली आणि दोन मलाही आणून दिली. "काकू, मी उगंच तुमच्यावर आले त्या दिवशी," असंही म्हणाली. मी म्हटलं, "जाऊ दे गं." बघा, माफीसुद्धा मीच देऊन मोकळी झाले.

प्रकरण मिटलं असं वाटलं, पण व्हिडिओ काही गल्लीत थांबत नाही. कुणाच्या तरी मोबाईलवरनं तो अक्कांच्या माहेरच्या गावात पोचला. त्या गावातल्या मठाचा उत्सव उन्हाळ्याच्या शेवटी असतो. मोठ्या कढईत हुग्गी करतात, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. सगळं गाव प्रसाद घेतं. त्या कढईत गूळ सोडायचा मान अक्कांच्या आईचा होता. आई गेल्यापासून अक्कांचा. वर्षातून एकदा अक्का कोल्हापूर सोडतात त्या एवढ्यासाठी. महिनाभर आधीपासून त्यांचं सुरू होतं, ही साडी की ती साडी, गूळ ह्या वर्षी कसा आलाय, कढईखाली जाळ कसा पाहिजे. त्या कढईला हात लावणारीनं जन्मात कधी अभक्ष्य खाल्लेलं नसावं, असा त्यांचा नेम आहे. कुणी लिहून ठेवलेला नाही, पण सगळे पाळतात.

एके दुपारी खिडकीतनं अक्कांचा फोनवरचा आवाज आला. कानडीत बोलत होत्या, पण एवढ्या वर्षांत मला तेवढी कानडी कळते. गावातल्या म्हाताऱ्या बायका विचारत होत्या, व्हिडिओत दिसतंय ते खरं का. अक्का ठणकावून सांगत होत्या की ती माझी शेजारीण आहे, मुलीसारखी आहे, ती खोटं बोलत नाही. मग सुनेनं फोन घेतला आणि म्हणाली की साचा मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय, तो आमच्याच घरात आहे.

मी भांडी घासत होते. हात तसाच फेसात राहिला. त्या सुनेनं माझ्यावर संशय घेतला होता आणि तो बरोबर होता. आता तीच माझी साक्षीदार झाली होती.

त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. अन्न गोड लागेना. सांगावं तर अक्का कढईला हात लावणार नाहीत, आईपासूनचा मान जाईल, आणि तो माझ्यामुळं. न सांगावं तर त्या हातानं त्या गूळ सोडतील, गावाला वाढतील, आणि त्यांच्या लेखी ते केवढं पाप, त्यांना न कळता त्यांच्या हातून मी घडवणार. माझा त्या नेमावर विश्वास आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. नेम त्यांचा होता.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेले. अक्का पलंगावर बसून साडीची घडी मोडून परत घालत होत्या. सून आत पिशवी भरत होती. मी जमिनीवर बसले आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. कवचं खरी होती. पापुद्रा मी बघितला होता. साचा मागनं मागवला आणि घासून जुना केला. एकही गोष्ट ठेवली नाही.

अक्का घडी घालायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "आज का सांगितलंस?"

"मनाला टोचणी लागलीया ओ अक्का. डोळ्याला डोळा न्हाय."

"म्हंजे तुला झोप लागावी म्हणून."

मी पलंगावरनं घसरलेला साडीचा पदर उचलून वर ठेवला.

"त्याच दिशी सांगितलं असतंस तर मी आंघुळ केली असती, मठाच्या स्वामींना इचारलं असतं, त्यांनी सांगितलं ते करून मोकळी झाली असती," अक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. "आता मी गावभर सांगून बसलोय, ती खोटं बोलत न्हाय म्हणून. सुनंनं सांगितलंय. आता काय सांगू? आमी दोघी खोट्या?"

मी रडायला लागले. "मी सांगतो. सुनंला सांगतो, गावाला फोन करून सांगतो, माझं चुकलंय म्हणून." म्हणाले खरं. पण म्हणतानाच मनातून वाटत होतं की त्यांनी नको म्हणावं. ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पापुद्र्यापेक्षाही जास्त.

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना ते कळलं असावं. "रडू नगंस," म्हणाल्या. "ती आत हाय."

तेवढ्यात सून पिशवी घेऊन बाहेर आली. "अत्ती, हिरवी साडी ठेवू का लाल?"

"कुठली बी ठेवू नगंस. मी न्हाय जात."

"म्हंजे?"

"गुडघं धरल्यात."

सुनेनं पिशवी खाली ठेवली. "आवं, सकाळी तर गच्चीवर सांडगं घालून आलासा की दोन जिने चढून!"

"म्हणूनच धरल्यात," अक्का म्हणाल्या आणि पाय लांब करून मागं टेकल्या.

ह्या बाईला मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. पावणे आले तर तोंडावर सांगणारी, दूध कालचं हाय, चहा चालत असंल तर घ्या. ती बाई माझ्यासमोर, माझ्यासाठी, बिनदिक्कत खोटं बोलली. सुनेनं लगेच गावाला फोन लावून त्यांच्या हातात दिला. अक्कांनी तिकडंही तेच सांगितलं, गुडघे धरलेत, बसवत नाही. गूळ चुलतभावाच्या सुनेला सोडायला सांगा म्हणाल्या. जाळ मोठा करू नका, गूळ विरघळला की लगेच ओढून घ्या, ढवळताना उलटं फिरवू नका. सगळं सांगितलं. मग फोन ठेवला.

सून वाटीत तेल कोमट करून घेऊन आली. "काकू, तेवढं जरा चोळून द्या की. माझी कुकरची शिट्टी व्हायलीया." स्वयंपाकघर समोरच होतं, तिथनं तिला पलंग दिसत होता.

मी वाटी घेतली. अक्कांनी लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. मी चोळायला लागले. गुडघे घट्ट होते, निरोगी, कुठं सूज नाही, कुठं दाबलं तर हूं नाही. मी हात काढून घेतला. मला वाटलं आता उठावं आणि जावं.

अक्का भिंतीकडं बघत होत्या. माझ्याकडं न बघताच, मला तेवढं ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "चोळ. ती बघतीया."